जुन्याचं काय केलंस?

नवा शर्ट घालून कुणी समोर आलं की चारचौघं म्हणतात, "वा, छान दिसतोय." आमचे साहेब म्हणायचे, "छान आहे. जुन्याचं काय केलंस?"

यात टोमणा नसे. त्यांना खरोखरच उत्तर हवं असे आणि ते मिळेपर्यंत ते समोरून हलत नसत. लग्नाच्या हॉलमध्ये, अक्षता पडल्यावर, त्यांनी नवरदेवालाही हे विचारलेलं मी ऐकलं आहे. दिवाळीत आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतली पोरं त्यांना लांबून येताना पाहिली की नव्या कपड्यांसकट जिन्याखाली लपायची. माझी बायको तर बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघायची आणि तेच असले तर हळूच म्हणायची, "उघडा तुम्ही. मी साडी बदलून येते. तुमचे जुनेवाले आलेत."

कारखान्यात त्यांना कटपीस साहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, असा माझा संशय आहे.

खाडीकाठच्या एका गावात या माणसाबद्दल एक वाईट गोष्ट सांगितली जात असे. ती खोटी होती. कारण ती मीच रचली होती. आता मी म्हातारा झालो आहे, साहेब तर कधीच गेले. ती गोष्ट दुरुस्त करायची म्हणून हे लिहितो आहे. पण तिथे पोचण्याआधी माणूस कसा होता ते सांगायला हवं. नुसतीच माझी कबुली लिहिली तर साहेब पुन्हा मागेच राहतील.

आमचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला होता. टी-शर्टसाठी विणलेलं सुती कापड पांढरं यायचं आणि आम्ही ते रंगवून परत पाठवायचो. त्याचे कपडे दुसरीकडे शिवले जात आणि बहुतेक परदेशात जात. मी सोलापूरचा. तिथली गिरणी बंद पडली तेव्हा ओळखीतून इथे आलो आणि उत्पादनाचं काम बघू लागलो. साहेब माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, चिपळूणकडचे, रसायनशास्त्र शिकलेले, बिनलग्नाचे. प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती आणि रंगाचं वापरलेलं पाणी नाल्यात सोडण्याआधी स्वच्छ करायचे हौदही त्यांच्याकडेच होते. राहायला आम्ही एकाच इमारतीत, मी तिसऱ्या मजल्यावर आणि ते पहिल्या.

त्यांच्या घरात पलंग नव्हता, पण पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. रंग तपासायला लॉटमधून कापडाचे तुकडे, म्हणजे कटपीस, कापले जात. काम झालं की ते फेकून द्यायचे असत. साहेब ते घरी नेत आणि स्वतःच शर्ट शिवत. शिवण चांगली होती असं मी म्हणणार नाही. कॉलरचं एक टोक कायम छपराकडे बघत असायचं. दोन बाह्या दोन वेगळ्या लॉटमधल्या असत. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली त्या सारख्या दिसत आणि बाहेर आलं की एक बाही जांभळट होई.

"साहेब, बाही वेगळी आहे," पहिल्या आठवड्यातच मी धीर करून म्हणालो.

"कुठे बघितलंस? उन्हात ना?" ते खूश झाले. "मग तुला डोळे आहेत. इथे अर्ध्यांना नाहीत."

रंग जुळला की नाही हे त्यांना दिव्याखाली कधीच पटत नसे. तुकडा घ्यायचे आणि "उन्हात बघू" म्हणून चालू लागायचे. हळूहळू हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं बोलणं झालं. कारखान्याच्या मालकाने, शेठने, पगारवाढीचं आश्वासन दिलं, उन्हात बघू. निवडणुकीत कुणी रस्त्याचं वचन दिलं, उन्हात बघू. माझ्या बायकोने त्यांच्यासाठी तिच्या माहेरचं एक स्थळ सुचवलं, तर मुलीचा फोटो घेऊन ते गॅलरीत गेले, नीट पाहिला आणि परत देऊन म्हणाले, "वहिनी, फार चांगली मुलगी आहे. तिला कशाला माझे शर्ट बघायला लावता?"

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तेव्हा सोसायटीत यायची. बायका एकेका डब्यासाठी तिच्याशी अर्धा अर्धा तास घासाघीस करत. साहेब खाली उतरून तिला विचारत, "हे कपडे पुढे कुठे जातात?" ती म्हणायची, "जुन्या बाजारात." "मग तिथून?" "ते मला काय ठावं, सायब? एवढं हाय तर चला की संगट." सगळे हसले. साहेबांनी मात्र दुसऱ्या दिवशी रजा टाकली, आपलाच एक शर्ट तिला दिला, त्यावर एक चमचा घेतला आणि खरंच तिच्याबरोबर गेले. संध्याकाळी आले ते लग्नाहून आल्यासारखे. कपडे कसे निवडतात, कसे धुतात, बटणं कोण लावतं, इस्त्री कशी मारतात, फाटकं असेल त्याची पुसणी कशी होते, हे सगळं त्यांनी आम्हाला आमच्याच घरी बसून सांगितलं. बायकोने दोनदा चहा केला.

पुढे काही महिन्यांनी आम्ही दोघं कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो होतो. लोखंडी सळ्या उतरवणाऱ्या एका माणसाच्या पाठीकडे बघत साहेब एकदम थांबले. डावी बाही जांभळट. ते सरळ त्याच्यापाशी गेले.

"भाऊ, हा शर्ट कुठून घेतलात?"

"का? चोरीचा वाटला काय?"

"छे छे. कसा आहे?"

"चांगलाय की. दोन पावसाळे काढील." त्याने मानेला हात लावला. "कॉलर तेवढी कुना येड्यानं शिवलीय."

साहेबांचा चेहरा असा काही उजळला! परतीच्या टेम्पोत ते माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलंस? शर्ट अजून कामावर आहे."

आमच्या धंद्यात तेव्हा एक रीत होती, आजही असेल. एखाद्या लॉटचा रंग चुकला, गिऱ्हाइकाने नाकारला, की त्यावर काळा चढवायचा. काळ्याखाली काहीही झाकतं. पोपटी बिघडला, काळ्यात टाका. गुलाबीवर डाग आले, काळ्यात टाका. शेडमध्ये दिवसातून एकदा तरी ही आरोळी उठायची आणि बहुतेक वेळा ती माझी असायची.

साहेबांना ती सोसत नसे. "रंग चुकला," ते म्हणायचे, "यात कापडाने काय केलंय?" मग माझ्याकडे बोट रोखून, "एकदा रंगवायला पाणी, धुवायला पाणी. आता त्याच्यावर काळा, म्हणजे परत तेवढंच, वर आणखी धुणं. आणि हे सगळं कशासाठी? कुणीतरी कुठेतरी म्हणालं की आपण मागितलेला पिस्ता जरा जास्त हिरवा होता."

"साहेब, गिऱ्हाईक आहे ते. फॅशन असते."

"असते ना. आपण कुठे नाही म्हणतो? पण फॅशन सहा महिने राहते आणि पाणी इथेच राहतं."

तो पिस्त्याचा लॉट त्यांनी वाचवला. शेठच्या मागे लागून, जवळजवळ फुकटात, त्याचे शर्ट शिवून घेतले आणि कारखान्यात वाटले. कँटीनवाला, वॉचमन, हमाल, ऑफिसातला शिपाई, सगळे पिस्ता. वॉचमन कुरकुरला, "साहेब, गेटवर हुभा राहतो तर लोकं हसतात. आइस्क्रीम म्हनतात." पण वर्षभर घातला त्याने. बाहेरच्या रस्त्यावर पिस्ता दिसला की तो आमचा माणूस, असं तेव्हा लांबूनच ओळखू यायचं. आजही तो रंग कुठे दिसला की मला कँटीनमधल्या उसळीचा वास येतो.

आमच्या गेटवर दुपारी एक बाई मासळी घेऊन यायची. नाल्याच्या तोंडाशी, खाडीला लागून तिचं गाव. आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. साहेब तिचे खास गिऱ्हाईक. मासळीपेक्षा तिच्याशी बोलायला जायचे. भरती कधी, ओहोटी कधी, यंदा मिठागरात मीठ कसं आहे, सगळी चौकशी.

"सायब, तुज्या कंपनीत मीठ येतं ना पोत्यानं? त्याचं काय करतंस? खातंस?"

"रंगात घालतो, आत्या. त्याशिवाय सुताला रंग धरत नाही."

"म्हंजी आमचं मीठ तुज्या रंगात आनि तुजा रंग आमच्या खाडीत." ती हसली. "बरा धंदा हाय तुजा."

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. हौदातलं स्वच्छ केलेलं पाणी जिथून नाल्यात पडतं, त्या पाइपाच्या तोंडाशी पांढऱ्या कापडाची एक चिंधी बांधायची. रोज सकाळी जुनी सोडायची आणि नवी बांधायची. सोडलेली चिंधी प्रयोगशाळेत दोरीवर वाळत घालायची. यंत्राच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, पण चिंधीवर जास्त. पांढरी राहिली की त्या दिवशी जेवताना गाणं म्हणायचे. शेठ एकदा परदेशी पाहुण्याला घेऊन आत आला आणि दोरी पाहून म्हणाला, "ये क्या लंगोट सुखाते हो, साहब?" साहेब म्हणाले, "कंपनीची आहे."

कटपिशीचे उरलेले तुकडे, शर्टालाही न पुरणारे, ते आत्याला देत. ती त्यांच्या गोधड्या शिवायची. एक गोधडी तिने स्वतःसाठी शिवली होती. आमच्या कारखान्याची दोन वर्षं त्या गोधडीत होती. पिस्ता, वांगी, मोरपिशी, न जमलेले सगळे रंग. ती एकदा दाखवायला घेऊन आली तेव्हा साहेबांनी रस्त्यावरच उन्हात पसरली आणि गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा ओळखत राहिले. येणारे ट्रक वळसा घालून जात होते.

तिच्या गावाला खाडीकाठी बांध घालून केलेलं तळं होतं. बांधाला लाकडी दार. भरती आली की दार उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. त्या तळ्यात पाच-सहा घरांनी मिळून जिताडे वाढवले होते. दोन वर्षांत मासे हातभर झाले होते. पुढच्या महिन्यात आत्याच्या लेकाचं लग्न होतं आणि हळदीच्या जेवणाला सगळ्या भावकीला ते जिताडे घालायचे होते. साहेबांना आमंत्रण तेव्हाच होतं. "नवीन कापड घालून ये हां त्या दिवशी," आत्या बजावायची. "नायतर वाढायची नाय मी."

आता माझ्या गोष्टीवर येतो.

त्या सुमाराला एकदम सगळ्यांना काळं हवं झालं होतं. काळे टी-शर्ट, काळ्या जीन्स. आमच्याकडे परदेशातल्या कुठल्याशा दुकानांसाठी काळ्याची मोठी ऑर्डर होती. त्याच वेळी माझ्या हातून एक मोठा लॉट बिघडला. हवा होता मोतिया, झाला पिवळट. साहेब बहिणीकडे चिपळूणला निघाले होते. निघताना मला म्हणाले, "हा असाच ठेव. मी आलो की गिऱ्हाईक शोधतो. पिवळट काय वाईट नाही. काळ्यात टाकू नकोस."

"नाही टाकत," मी म्हणालो.

ते गेले आणि शेठचा फोन आला. "वो पीला वाला पडा है ना? काळ्याच्या ऑर्डरमध्ये घुसव. मंगळवारी गाडी निकलनी चाहिए. टेन्शन मत दो मुझे." मी त्याला 'साहेब आल्यावर बघू' म्हणू शकलो असतो. तसं म्हणालो नाही.

तो काळा गंधकाचा असतो. धुण्याच्या पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. ते पाणी तसंच सोडायचं नसतं, कारण पाण्यातला प्राणवायू ते खाऊन टाकतं. हौदात पूर्ण दिवसभर त्यात हवा खेळवायची आणि मग पुढची प्रक्रिया. रविवारी दुपारपर्यंत हौद काठोकाठ भरले. मशिनं थांबली. लॉट अर्धा रंगून आत अडकला होता आणि हौद रिकामे झाल्याशिवाय पुढचं धुणं होणार नव्हतं. मी थांबलो असतो तर गाडी एक दिवस उशिरा निघाली असती. एवढंच झालं असतं. पण एक गिरणी बंद होताना पाहिलेला माणूस मी. सानपाड्याचं घर नुकतंच घेतलं होतं. शेठचा आवाज चढला की मला सोलापूरच्या गिरणीचं कुलूप दिसायचं.

आदल्या रविवारी साहेबांनीच मला नाल्याच्या पुलावर नेलं होतं. दुपारची वेळ, पाणी खाडीकडे चाललं होतं. "बघ, उतरतंय," ते म्हणाले होते, "समुद्र सगळं बोलावून घेतोय." माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. दुपारी पाणी उतरतं. आता सोडलं तर खाडीबाहेर निघून जाईल, कुणाला कळणारही नाही. मी सोलापूरचा माणूस. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने जातं. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते आणि आठवड्याभरात पार उलटी होते, हे मला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारलं असतं तर का विचारतोस, हेही सांगावं लागलं असतं.

पाइपाच्या तोंडाशी साहेबांनी जाताना बांधलेली चिंधी होती. मी ती सोडली आणि खिशात घातली. मग व्हॉल्व्ह माझ्या हाताने उघडला.

भरती चढत होती. काळं पाणी खाडीकडे गेलंच नाही. ते नाल्याच्या तोंडाशी अडलं, पसरलं आणि गावाने भरतीचं पाणी घ्यायला बांधाचं दार उघडलं तेव्हा तळ्यात शिरलं. सोमवारी सकाळी सगळे जिताडे पोट वर करून तरंगत होते.

गाव गेटवर आलं. शेठ घाबरून गाडीने आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "पाणी कोणी सोडलं?"

मी म्हणालो, "हौद साहेबांकडे असतात. गावाला जायच्या घाईत व्हॉल्व्ह नीट बंद केला नसेल."

एवढंच वाक्य. त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं, म्हणून दुसरं सहज खपलं.

साहेब मंगळवारी परतले ते सरळ कारखान्यात, हातात बहिणीने दिलेल्या आमसुलांची पिशवी. गेटवर पुन्हा माणसं जमत होती. वॉचमनने त्यांना काय झालं आणि मी काय म्हणालो ते सांगितलं. ते आधी पाइपापाशी गेले, मग प्रयोगशाळेत. मी तिथेच होतो. ते दोरीकडे बघत होते.

"चिंधी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

मी टेबलावरचे कागद सरळ करत राहिलो.

"व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला असता तर चिंधी तिथेच असती. काळी झालेली." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "कुणीतरी आधी सोडून ठेवली." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला ओहोटी आहे असं वाटलं, ना?"

"हो. गेल्या रविवारी याच वेळेला..."

"आठवड्यात उलटं होतं रे." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "मी तुला ते अर्धंच दाखवलं." मग माझ्याकडे पाहिलं. "चल. तू सांगशील ना त्यांना?"

"सांगतो," मी म्हणालो. त्या क्षणी खरंच सांगणार होतो.

आम्ही गेटपर्यंत बरोबर चालत गेलो. माणसं रागावलेली होती, पण आत्या पुढे झाली तशी गप्प झाली. तिच्या खांद्यावर ती गोधडी होती.

"सायब," ती म्हणाली, "तुज्यावर मी भरोसा टाकला. पान्याची गोठ तू करावीस आनि तूच आमच्या तल्यात इख सोडावंस? ही तुज्या कापडाची हाय. घे तुना. तिची ऊब नको आमाना." आणि तिने ती त्यांच्या अंगावर फेकली.

साहेबांनी ती झेलली नाही. ती त्यांच्या छातीवरून पायांशी पडली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत मास्तर एखाद्या पोराला उभं करतात आणि त्याला उत्तर येतं हे त्यांना ठाऊक असतं, तसं. ते थांबले. खूप वेळ थांबले.

मी वॉचमनच्या पिस्ता शर्टाकडे बघत उभा राहिलो.

मग साहेब वाकले, गोधडी झटकली, घडी घातली. म्हणाले, "आत्या, तळं उपसायला मी येतो."

"नको येऊस. तुजा हात नको लागाया आमच्या तल्याला."

तरी ते गेले. रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहत आणि त्यांना कुणी खाली उतरू देत नसे. लेकाच्या हळदीला आत्याने बाजारातून मासळी आणली असं ऐकलं. साहेबांना अर्थातच बोलावणं नव्हतं. त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली, पहिल्या मजल्यावरचं घर विकलं आणि चिपळूणला बहिणीकडे गेले. त्यांची प्रयोगशाळा आणि हौद शेठने माझ्याकडे दिले.

जाताना ते गोधडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे. मला ती दिलेली नाही, परत केलेली आहे. ज्याची आहे त्याला पोचव." जिन्यात थांबून पुन्हा म्हणाले, "मधून मधून उन्हात घालत जा. बंद ठेवली की वास येतो."

मी ती कपाटावर ठेवली. पंचवीसहून अधिक वर्षं. उन्हात एकदाही घातली नाही. साहेब वारल्याचं त्यांच्या भाच्याने फोनवर कळवलं तेव्हा मी "अरेरे" म्हणालो आणि गेलो नाही. एक मात्र पाळलं. हौद माझ्याकडे होते तोवर चिंधी रोज बांधली. त्याने कुणाचं काही परत आलं असं नाही.

परवा बायको कपाट आवरत होती. आता बोहारीण येत नाही. नातवंडांचे एकदा-दोनदा घातलेले कपडे गठ्ठ्याने पडलेले असतात आणि ते कुणाला द्यावेत हे कळत नाही. गठ्ठ्याशेजारी ती गोधडी काढून ठेवत ती सहज म्हणाली, "अहो, या जुन्याचं काय करायचं?"

मी गोधडी पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

तळ्याच्या जागी आता इमारती आहेत, पण आत्याचं घर गावठाणात तिथेच आहे, त्यावर मुलाने चार मजले चढवलेत. ती खाली ओटीवर बसली होती, डोळ्यांना जाड चष्मा. मी रंगाच्या कंपनीतला, असं सांगितलं. ओळख पटली नाही. गोधडी मांडीवर ठेवली तशी तिची बोटं टाक्यांवरून फिरली आणि थांबली.

"माजी हाय," ती म्हणाली. "त्या लबाड सायबाला मारलेली."

"आत्या, ते लबाड नव्हते. ते पाणी मी सोडलं. साहेब त्या दिवशी गावाला होते. त्यांचं नाव मी घेतलं."

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू?"

"हो."

"आनि त्याला ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग त्यो माज्यासमोर गप कशाला हुभा राहिला?"

"मी बोलेन म्हणून वाट बघत होते."

तिने चष्मा काढला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि तेच बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी त्याच्या अंगावर फेकली रे. बांधावर येऊन हुभा राहायचा तर तोंड फिरवायची. ही तुजी चूक, पन फेकली तर मी ना?" मग म्हणाली, "कंदी गेला त्यो?"

"बरीच वर्षं झाली."

"मंग माजं आता कोन ऐकल?"

माझं ओझं उतरवायला मी गेलो होतो आणि त्यातलं अर्धं एका म्हातारीच्या मांडीवर ठेवून बसलो होतो.

तिने गोधडी अंगणात उन्हात नेली, पसरली, वास घेऊन तोंड वाकडं केलं. एका कडेला टाके उसवले होते. ती आत वळून ओरडली, "कोन हाय रं घरात? सुई-दोरा आना. आनि सगली बाहेर या." मला म्हणाली, "तू बस. ही शिवून होईतोवर उठायचं नाय. माज्या घरात आजून त्याला लबाड म्हंतान. सगल्यांसमोर सांग. पैल्यापासून सांग, त्यो कसा व्हता."

सुना आल्या, नातू आले. थोरला नातू नोकरीवर निघाला होता. अंगात नवाकोरा काळा टी-शर्ट, मानेमागे दुकानाचं लेबल अजून लटकलेलं. कुठून सुरू करावं ते मला कळेना. मग मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "छान आहे. जुन्याचं काय केलंस?"

पोरगा गोंधळला. "कंचा जुना?"

आत्याचा सुई धरलेला हात थांबला. "हां," ती मान न उचलता म्हणाली, "असाच इचारायचा त्यो. सांग पुढं."